हुपरीकरांची टाळी

त्र्यंबक हुपरीकरांना टाळी वाजवता येत नसे. आता टाळी ती काय, दोन हात असले की झाली, असं तुम्ही म्हणाल. पण नीरगावात ज्यांनी ती ऐकली होती, ते असं म्हणत नसत. गणपतीच्या आरतीत सगळी आळी समेवर असली की हुपरीकर समेच्या अलीकडे असत. आळीने सावरून अलीकडे यावं, तर ते पलीकडे पोचलेले. त्यांच्या शेजारी उभा राहिलेला मृदंगवाला पुढच्याच वर्षी गाव सोडून गेला. दारात आलेल्या नंदीबैलासमोर एकदा त्यांनी हौसेने टाळी धरली, तर ‘यंदा लग्न जमेल का’ या प्रश्नाला बैलाने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, आणि शेवटी मान गरागरा फिरवून मालकालाच ढुशी दिली. यात गावाने थोडी भर घातली असेल. पण तो बैल त्या आळीत पुन्हा शिरला नाही, हे मात्र खरं.

आणि याच माणसाने जगाचा ताल आधीच ओळखणारं यंत्र बनवलं.

हुपरीकर धुमाळे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. कॉलेजला लागून बाळंतिणींचा दवाखाना होता आणि समोरच्या रस्त्याने सगळ्या मिरवणुका जात. डीजेच्या भिंतीने खिडक्यांच्या काचा थरथरत आणि आत आदल्या दिवशी जन्मलेली मुलं दचकून आभाळ डोक्यावर घेत. हुपरीकरांनी ते पाहिलं आणि कामाला लागले.

युक्ती जुनीच. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाटेला उंचवटा असतो, खळगा असतो. येणाऱ्या उंचवट्यावर नेमका तेवढाच खळगा नेऊन ठेवला की दोन्ही मिळून सपाट होतात. हवा हलतच नाही, मग कानाला काय कळणार? कानात घालायच्या इअरफोनच्या बोंडांत हे केव्हाच जमलं होतं. उघड्यावर जमत नव्हतं. लाट आली हे कळून खळगा तयार करेपर्यंत लाट पुढे निघून गेलेली असते. हुपरीकर म्हणाले, मग वाट बघायचीच कशाला? पुढची लाट आधीच ओळखायची! डीजे काय, बँड काय, घोषणा काय, सगळं तालात असतं. तीनदा ऐकलं की चौथं सांगता येतं. त्यांनी दवाखान्याच्या कुंपणाला वितीवितीवर एक कान आणि एक तोंड बसवलं: कान म्हणजे मायक्रोफोन, तोंड म्हणजे सुपारीएवढा स्पीकर. मागे एक संगणक, ज्याला त्यांनी गावातला सगळा गोंगाट वर्षभर पाजला होता. आरत्या, वराती, निवडणुकीची भाषणं, वर्गातली व्याख्यानं, काही सोडलं नाही. मोबाईल जसा आपलं वाक्य आपल्याआधी पुरं करतो, तसा तो संगणक माणसाचा आवाज माणसाआधी पुरा करी.

यंत्राला नाव दिलं मौनी. त्या वर्षी दवाखान्यासमोरून अनंत चतुर्दशीची मिरवणूक गेली, माणसं नाचत होती, डीजेच्या भिंती हलत होत्या, आणि आतली बाळं गाढ झोपली होती. एका बाळंतिणीने हुपरीकरांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस.

पुढचे दिवस इतके चांगले नव्हते.

तो काळ असा होता की न्यायालयाने प्रत्येक कॉलेजला बजावलं होतं: विद्यार्थ्यांना निषेधासाठी आवारात एक जागा द्यायलाच हवी. धुमाळे महाविद्यालयाने मागचं मैदान दिलं. आणि मग प्राचार्य विश्राम नाईकनवरे यांनी मैदानाच्या कुंपणावर मौनी बसवली.

नाईकनवरे हे हुपरीकरांचे लंगोटीयार. विद्यार्थी असताना याच मैदानावर नाईकनवरे घोषणा देत आणि हुपरीकर मागून ओरडत. म्हणजे ओरडू बघत. झिंदाबादच्या जागी त्यांचं मुर्दाबाद पडलं तेव्हा पुढाऱ्यांनी त्यांना मोर्चातून काढून पाण्याची घागर सांभाळायला बसवलं होतं.

“विश्राम, हे मी तान्ह्या मुलांसाठी केलं होतं रे,” हुपरीकर म्हणाले.

“ही पण मुलंच आहेत, त्र्यंब्या. जरा मोठी झालीत एवढंच.” नाईकनवऱ्यांनी चहात बिस्किट बुडवलं. “मी कुणाचं तोंड दाबलंय का? खुशाल ओरडा म्हणावं. बोलायचं स्वातंत्र्य कायद्यात आहे, मान्य. ऐकू जाण्याचं कुठल्या कलमात आहे, दाखव मला!”

“निदान त्यांना सांग तरी की बाहेर ऐकू जात नाही.”

“सांगितलं तर ओरडतील का? ओरडू देत. मन मोकळं होतं.” मग बिस्किट तुटून कपात पडलं आणि ते चिडले. “आणि तूही सांगायचं नाहीस. मौनी कॉलेजला दिलीस त्या करारावर सही आहे तुझी.”

प्राचार्यांशी मुलांचं भांडण कशावरून होतं, म्हणाल तर लहान. मुलींच्या वसतिगृहातली अभ्यासिका संध्याकाळी सातलाच बंद व्हायला लागली होती, मुलांची मात्र उघडी. ओवी घोलप नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने आपल्या मित्रांना घेऊन कॅन्टीनसमोर एक पथनाट्य केलं. त्यात प्राचार्यांचं पात्र हातात कुलूप घेऊन झोपेत चालत होतं. लोक हसले. प्राचार्य हसले नाहीत. ओवीला आणि आणखी दोघांना कॉलेजातून काढलं. नियामक मंडळाने येत्या बैठकीत शिक्कामोर्तब केलं की ते कायमचं. मग दुसरं कुठलं कॉलेजही दारात उभं करणार नव्हतं. ओवी मैदानात उपोषणाला बसली आणि तिच्याभोवती तीस-चाळीस मुलं घोषणा द्यायला. बाहेर पडलेल्याला रखवालदार परत आत घेत नसे, म्हणून तीही मैदान सोडत नव्हती.

फोन लागत नव्हते. परीक्षेच्या नावाखाली आवारातलं नेटवर्क बंद होतं. आणि लागले असते तरी काय? चित्रफितीवर तेव्हा शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवत नसे. कुणाच्याही तोंडी काहीही घालता येत होतं. माणसाचा विश्वास उरला होता तो फक्त स्वतःच्या कानांवर. आणि कुंपणाला हिरवी जाळी लावलेली. रस्त्याने जाणाऱ्याला जाळीतून नुसती बसलेली माणसं दिसत. फाटकाच्या फटीतून कुणी पाहिलंच, तर हौदातल्या माशांसारखी उघडमीट करणारी तोंडं.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी हुपरीकर लिंबू-साखरेचं पाणी घेऊन मैदानात गेले. ओवी सतरंजीवर आडवी होती. ओठांना भेगा पडलेल्या. कॉलेजचे डॉक्टर सांगून गेले होते, मूत्रपिंडावर परिणाम होतोय, आता प्रत्येक दिवस उधारीचा.

“घोटभर घे, बाळ.”

“नको, सर.” तिने मान वळवली. “मरणाची भीती नाही वाटत. एक गोष्ट कळत नाही फक्त. त्या फाटकासमोरून रोज माझी मामी भाजी घेऊन जाते. मी जिवाच्या आकांताने तिला हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आम्ही इतके वाईट आहोत का हो?”

हुपरीकरांनी पेला खाली ठेवला. सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तौसिफने घोषणा दिली. तौसिफ म्हणजे नाटकात प्राचार्य झालेला तोच. “हुकूमशाही!” मुलं गरजली, “मुर्दाबाद!” आणि काय झालं कोण जाणे, हुपरीकरही ओरडले. अर्थात मागून; त्यांचं ‘बाद’ सगळ्यांचं संपल्यावर. पाच-सात वेळा ओरडले, घसा बसला, आणि जे सांगायचं होतं ते न सांगताच पळ काढावा तसे बाहेर आले.

फाटकाबाहेर इंदुमतीबाई डबा घेऊन उभ्या होत्या. हुपरीकरांच्या पत्नी, आळीच्या भजनी मंडळातल्या टाळकरीण.

“अहो, कमाल झाली तुमची! एकटेच काय ‘बाद, बाद’ करत ओरडत होतात? आरतीत लाज आणता ती पुरत नाही का?”

हुपरीकर तिच्या अगदी जवळ आले. “काय ऐकलंस तू?”

“बाद. बाकी काही नाही. ती मुलं बिचारी गप्प बसलीत आणि तुम्ही आपले...”

“मुलं गप्प?”

“प्राचार्यांनी सांगितलंय की गावात. मौनव्रत धरलंय मुलांनी. मंडळाच्या अध्यक्ष शेवडेबाईंनी तर बैठकीत कौतुकाचा ठराव मांडायचं ठरवलंय म्हणे.”

म्हणजे हे असं होतं. आत मुलांना वाटत होतं की गावाने कान फिरवले. गावाला वाटत होतं की मुलांनी तोंड मिटलं. आणि दोघांच्या मध्ये हुपरीकरांची अक्कल वितीवितीवर टांगलेली होती.

त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. स्वतःचं यंत्र आता काय करतं, हे तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही. शेवडेबाईंच्या बंगल्यावर फोन केला, तर त्यांच्या चिटणिसाने ऐकवलं, “जे काय असेल ते प्राचार्यांच्या मार्फत पाठवा.”

सकाळी ते थेट मैदानात गेले आणि मुलांना सगळं सांगितलं. करार, सही, मौनी, सगळं. मुलं आधी हसली. मग तौसिफ उठून फाटकाशी गेला, बाहेरच्या रखवालदाराच्या पाठीमागे उभा राहून त्याला अस्सल शिव्या हासडल्या. रखवालदार शांतपणे तंबाखू मळत राहिला.

परतताना तौसिफचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हणजे इतके दिवस आपण विहिरीत ओरडत होतो,” तो म्हणाला. एक मुलगी रडायला लागली. ओवी मात्र रडली नाही. ती हुपरीकरांकडे बघत होती, आणि त्यांना वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

“मामीला ऐकू गेलं नव्हतं,” ती पुटपुटली. “ऐकू गेलंच नव्हतं.” आणि मग तिने डोळ्यांवर ओढणी घेतली.

हुपरीकर बाहेर जायला वळले. आता घराघरात जाऊन सांगायचं असं ठरवून निघाले, तर फाटकाला बाहेरून कुलूप. मैदानावरच्या कॅमेऱ्यातून प्राचार्यांनी सगळं पाहिलं होतं. जमावबंदीचा हुकूम निघाला होता. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दुपारी मंडळाची माणसं याच रस्त्याने सभागृहात जाणार होती. त्यांच्या कानावर काही गेलं तर गेलं, नाहीतर शिक्कामोर्तब.

“सर, तुमचं ‘बाद’ कसं गेलं मग?” तौसिफने विचारलं.

“मी बेताल आहे म्हणून. मौनी ताल ओळखते. जे ओळखता येत नाही, ते तिला गिळता येत नाही.”

“एवढंच ना! व्हा रे सगळे बेताल!”

मुलांनी ताटं घेतली, चमचे घेतले, आणि वाट्टेल तशी बडवायला सुरुवात केली. पहिले काही ठोके बाहेर गेलेही. रखवालदाराने मान वळवली. पण घटकाभरात काय झालं म्हणता? सगळी ताटं एका तालात! कुणी ठरवलं नव्हतं. शेजाऱ्याचा ठोका ऐकला की हात आपोआप त्याच्याशी जुळतो. सभागृहातल्या टाळ्यांचं असंच होतं, रातकिड्यांचंही होतं. हुपरीकरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, “जुळवू नका! जुळवू नका!” तर मुलं त्या ‘जुळवू नका’वरच ठेका धरायला लागली. एकेकाला वेगळं बसवून पाहिलं. माणूस एकटा असला तर स्वतःच्याच तालात जातो.

“आयुष्यभर मला जे जमलं नाही, ते तुम्हाला सोडता येत नाही,” हुपरीकर कपाळ पुसत म्हणाले.

“मग तुम्हीच बोला, सर. सगळं सांगा ओरडून.”

बोलले. जाळीला तोंड लावून, खणखणीत आवाजात बोलले. रखवालदार हललाही नाही. का, ते हुपरीकरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. मौनीला त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची व्याख्यानं पाजली होती. वीस वर्षांची, त्याच त्या विनोदांसकट. त्यांचं वाक्य कुठे वळणार, हे त्यांच्यापेक्षा मौनीला चांगलं ठाऊक होतं.

उरली टाळी. ती पुढे कधी पडणार, ते साक्षात हुपरीकरांनाही ठाऊक नसे.

ऊन तापलं तशी ओवी बरळायला लागली. पाण्याने ओठ ओले केले तर तिने दात आवळले. आणि मग रस्त्यावर मोटारी थांबल्याचं जाळीतून दिसलं. पांढऱ्या साडीतल्या, काठी टेकत चालणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती शेवडेबाई, शेजारी लवून चालणारे नाईकनवरे, मागे मंडळाची माणसं.

“घोषणा द्या!” हुपरीकर ओरडले. “मोठ्याने! मला ताल ऐकल्याशिवाय चुकता येत नाही!”

मुलं जीव तोडून ओरडायला लागली. हुपरीकरांनी डोळे मिटले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बाहेर शेवडेबाई थबकल्या. “प्राचार्य, टाळ्या कोण वाजवतंय?”

नाईकनवऱ्यांनी ती टाळी ओळखली. न ओळखून करतात काय? ती टाळी त्यांनी याच मैदानात तरुणपणी ऐकली होती, आणि त्या दिवसांत ती ऐकून ते पोट धरधरून हसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण क्षणभरच. “गवंडी काम करतायत, बाई. फरशी ठोकतायत. चला, उशीर होतोय.”

“मुलांचं मौन चाललंय ना? मग फरशी कशाला ठोकता आत्ता?” असं म्हणत बाई पुढे निघाल्या. काठी टेकत, पायरीच्या दिशेने.

आत तौसिफ हुपरीकरांच्या कानाशी ओरडला की त्या चालल्या. त्यांच्या टाळीत आता काही अवसान राहिलं नव्हतं; हात लाल झाले होते, खांदे भरून आले होते, आणि तरी ते आरतीला उभ्या राहिलेल्या वेड्यासारखे वाजवत होते. सम, समेच्या अलीकडे, पलीकडे, कुठेच नाही, पुन्हा अलीकडे.

फाटकापाशी डबा घेऊन इंदुमतीबाई उभ्या होत्या. रखवालदाराने त्यांना आत सोडलं नव्हतं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. टाळकरणीचा कान तो! नवरा नेहमीसारखा चुकत होता. इथे मागे पडला. इथे पुढे गेला. पुन्हा मागे. आणि त्यांच्या हातांनी सवयीने डब्याच्या झाकणावर खरा ताल धरला. चुकणाऱ्या नवऱ्याच्या शेजारी उभं राहून आयुष्यभर धरला तसा.

डबा तिथेच ठेवून त्या धावल्या आणि शेवडेबाईंच्या समोर आडव्या उभ्या राहिल्या.

“बाई, तो गवंडी नाही. माझा नवरा आहे.”

“वहिनी, तुम्ही घरी जा बघू,” नाईकनवरे म्हणाले.

“तुम्ही थांबा हो, भावजी! बाई, ऐका. माझा नवरा बेताल आहे, सगळ्या गावाला विचारा. पण नुसत्या टाळ्या वाजवत बसायला तो खुळा नाही. कुणीतरी तालात असलं की मगच तो चुकतो. आत्ता तो चुकतोय. मी मोजून बघितलं, नेमका चुकतोय. मग कुणाला चुकतोय? ज्याच्या मागे तो धावतोय तो ताल मला ऐकू का येत नाही?”

शेवडेबाई इंदुमतीबाईंकडे वळल्या. बाईंचा जन्म साक्षीपुरावे तोलण्यात गेला होता, आणि असा पुरावा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता. त्यांनी पुन्हा कान दिला. टप्. टप् टप्. बराच वेळ काही नाही. टप्.

“फाटक उघडा,” त्या म्हणाल्या.

“बाई, जमावबंदी आहे...”

“उघडा म्हटलं ना!”

रखवालदाराने कुलूप काढलं. बाईंनी एक पाऊल आत टाकलं आणि त्या धक्का बसल्यासारख्या मागे आल्या. चाळीस गळ्यांची गर्जना आणि मग, पाऊल मागे घेतल्याबरोबर, काहीच नाही. पुन्हा आत: गर्जना. पुन्हा बाहेर: रस्त्यावरच्या चिमण्या. पंच्याहत्तरीच्या बाई, काठीवर भार देऊन, लंगडी खेळणाऱ्या पोरीसारख्या उंबरठ्याच्या आत-बाहेर करत होत्या, आणि मंडळाची माणसं तोंडात बोट घालून बघत होती.

तिसऱ्यांदा त्या आत गेल्या आणि आतच राहिल्या.

आणि नेमकं तेव्हाच मुलं गप्प झाली. इतके दिवस फाटकातून त्यांचं ऐकायला कुणी आलंच नव्हतं. आलेल्या माणसाचं करायचं काय, हेच त्यांना सुचेना. सगळं मैदान चिडीचूप. सगळे थांबलेत याचा पत्ता नसलेले हुपरीकर तेवढे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते.

नाईकनवरे बाईंच्या मागोमाग आले होते. “पाहिलंत ना, बाई? मौनच आहे,” ते म्हणाले; पण इंदुमतीबाई त्यांच्याकडे बघतायत हे दिसताच ते खाली बघायला लागले.

त्या पुढे गेल्या आणि नवऱ्याचे दोन्ही हात धरले. “पुरे आता. आल्या त्या.”

हुपरीकरांनी डोळे उघडले. तळव्यांतून रक्त येत होतं.

शेवडेबाई सतरंजीपाशी पोचल्या. ओवीने मोठ्या कष्टाने कोपरावर भार दिला. जे बोलायचं म्हणून ती उपाशी राहिली होती ते सगळं तिच्या तोंडाशी आलं असणार. पण घशात पाण्याचा थेंब नव्हता, आणि जे बाहेर पडलं ते इतकं हळू होतं की ते अडवायला यंत्राची गरजच नव्हती.

“ऐकू... येतंय?”

शेवडेबाईंनी काठी बाजूला ठेवली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत त्या धुळीत बसल्या आणि मान खाली नेऊन आपला कान तिच्या ओठांशी आणला.

“आता येतंय,” त्या म्हणाल्या. “आधी पाणी घे. मग पहिल्यापासून सांग. मंडळाची बैठक इथेच आहे.”

तौसिफने पेला पुढे केला. ओवीने हुपरीकरांकडे पाहिलं. हुपरीकरांनी मान हलवली. नेहमीप्रमाणे क्षणभर उशिरा. तोवर तिने पहिला घोट घेतला होता.